कार्डाची दुसरी बाजू

१० सप्टेंबर १९९३, शुक्रवार

चार वाजून दहा मिनिटांनी सगळं बदललं. वेळ मुद्दाम लिहून ठेवतोय. पोस्टमन दुकानात आला, माझ्या मैत्रिणीचं, मारितचं, पहिलं कार्ड काउंटरवर ठेवलं— ॲमस्टरडॅमहून— आणि त्यात एक शब्द होता. आम्ही.

"मोठ्या चित्रापुढं माणसांचीच भिंत. नुसती टकुरी दिसतात. आम्ही मागच्या छोट्या खोल्यांत गेलो आणि खूप वेळ राहिलो. खरं संग्रहालय तिथंच आहे."

आम्ही म्हणजे कोण? कॉलेजच्या सहलीत बावीस जण आहेत. बावीसच्या बावीस जण एका छोट्या खोलीत मावतात होय? आम्ही म्हणजे ती आणि ग्रेसन ओकली. दुसरं कोण! मी कॉलेज सोडलं आणि माझी जागा त्याला मिळाली. बसमधली माझी सीट. तिच्या शेजारची. चार महिने युरोप, आणि मी इथं मिलवॉकीत लोकांच्या चित्रांना चौकटी ठोकतोय.

११ सप्टेंबर

लिहिलं तिला. एकच ओळ. "आम्ही म्हणजे कोण?" पॅरिसच्या मुक्कामाच्या पत्त्यावर टाकलं. पोचायला दहा दिवस. तोवर मी जळून खाक.

१७ सप्टेंबर

आज क्लेमेंट नवरा-बायको आले, हातात पोस्टरची नळी. लॉर्ना— दुकानाची मालकीण, साठीची, जिभेला धार— नेहमी म्हणते, "युरोपातून आलेलं गिऱ्हाईक नळी नंतर उघडतं, तोंड आधी."

खरंच. क्लेमेंटसाहेब म्हणाले, "पॅरिसला दोन दिवस बास. नुसता बोभाटा आहे."

"तुम्हाला बासच होणार," बाई म्हणाल्या. "एक दिवस तर तुम्ही हॉटेलात टबमध्ये पाय बुडवून बसला होतात!"

"अगं, मंगळवारी ते संग्रहालय बंद असतं हे मला कोण सांगणार? मैलभर चालवलंस आणि पुढं कुलूप!"

मी माप घेता घेता म्हणालो, "फ्लॉरेन्सला जाल तर सकाळी आठच्या आत रांगेत उभे राहा. व्हिएन्नाला चार दिवस ठेवा." एवढं इतक्या गिऱ्हाइकांकडून ऐकलंय की माझंच झालंय.

"तू कधी गेला होतास रे?" बाईंनी विचारलं.

"एप्रिलमध्ये," मी म्हणालो.

धडधडीत खोटं! एप्रिलमध्ये मी कॉलेज सोडून बापाच्या गॅरेजात पडून होतो.

२४ सप्टेंबर

हेगचं कार्ड. "हे संग्रहालय एखाद्याच्या घरासारखं आहे. जिने करकरतात. ग्रेसन म्हणतो, यापुढं पॅरिस फिकं पडेल."

ग्रेसन म्हणतो! ग्रेसनच्या म्हणण्याला माझ्या कार्डावर जागा? तीन इंच कागद, त्यातला एक इंच त्याला!

कार्डं मी माझ्या कामाच्या टेबलाच्या वर भिंतीला टाचली आहेत. अक्षर माझ्याकडे, चित्र भिंतीकडे. वर बघितलं की ते दोन शब्द डोळ्यांत खुपतात— आम्ही आणि ग्रेसन. लॉर्ना म्हणाली, "लोक चित्र बाहेर लावतात रे बाबा. आणि म्हणे हा फ्रेमवाला!"

म्हटलं, "मला चित्राशी काय करायचंय?"

"ते दिसतंच आहे," म्हणाली आणि निघून गेली.

२ ऑक्टोबर

का सोडलं कॉलेज? बाबा आज जेवताना पुन्हा तेच. लिहूनच टाकतो एकदा.

विंटर सरांचा तास. चित्रकलेचा इतिहास. माझा निबंध त्यांनी सगळ्यांसमोर परत दिला. "टोबिन, चित्राबद्दल झकास लिहिलंस. चित्र मात्र पाहिलं नाहीस." पोरं हसली. ग्रेसन सगळ्यात मोठ्यानं. मी उठलो आणि दार असं आपटलं की काचेला तडा गेला. त्या दिवसापासून मी गेलो नाही. मारित जिन्यापर्यंत मागं आली होती. "टोबिन, परत चल. दार उघडंच आहे." मी मागं पाहिलं नाही.

नंतर पाच महिने त्या मुलीनं हा विषय काढला नाही. निघायच्या दिवशी एवढंच म्हणाली, "मी कार्डं पाठवीन. नीट बघशील ना?"

बघतोय की. एकेक अक्षर बघतोय!

१२ ऑक्टोबर

पॅरिस. "गर्दी. पाय दुखतात. आम्ही म्हणजे आमचा गट. बरी आहे."

बास. एवढंच. माझ्या प्रश्नाला असं उत्तर, कुत्र्यापुढं हाड टाकल्यासारखं! आणि "आमचा गट" म्हणजे काय? गटात ग्रेसन नाही का? पुन्हा लिहिलं. या वेळी दोन पानं. फ्लॉरेन्सच्या पत्त्यावर.

२९ ऑक्टोबर

फ्लॉरेन्स. "दोन तास रांग. ऊन. मेरीमाता इतक्या की डोळे थकले. पत्र मिळालं."

पत्र मिळालं! दोन पानांना दोन शब्द!

दुपारी एक कडेची पट्टी चुकीची कापली. चांगलं अक्रोडाचं लाकूड वाया. लॉर्नानं तुकडे उचलून टाकाऊ लाकडाच्या खोक्यात टाकले.

९ नोव्हेंबर

व्हिएन्ना. "इथं चित्रांपुढं मऊ बाकं आहेत. ज्या संग्रहालयात बसता येतं ते सगळ्यात चांगलं. थंडी पडलीय."

त्या मऊ बाकावर शेजारी कोण बसलं होतं? लिहीत का नाही?

मला शहरांचासुद्धा हेवा वाटतो आता. त्या बाकाचा वाटतो. शहरालगतच्या सरोवरावरून गार वारा येतो, रस्ते काळेकुट्ट, आणि मी कामाच्या टेबलाशी जळतोय. हसू नये कुणी. हसायला आहे तरी कोण इथं, तू कागदच.

२६ नोव्हेंबर

काही नाही. सतरा दिवस काही नाही.

६ डिसेंबर

कोपनहेगन. "बारा तारखेला येते. विमानतळावर येऊ नकोस."

जाणार! जाणारच! ग्रेसनच्या बॅगा हातात घेऊन ती बाहेर येताना मला बघायचीय. तोंडावर विचारणार.

९ डिसेंबर

काल माझी सुट्टी होती. तेवढ्यात विंटर सर येऊन गेले म्हणे! या वर्षी गुडघ्यामुळं ते सहलीला गेले नाहीत. आता काठी घेऊन चालतात. अकरा कार्डं ठेवून गेलेत. दोन्हीकडून काच लावायची, म्हणजे चित्रही दिसेल आणि मागचा मजकूरही. भिंतीला नाही, खिडकीत टांगायचं आहे.

लॉर्ना म्हणाली, "तुमच्याकडचा तो मुलगाच करतो ना काम, असं दोनदा विचारलं त्यांनी. आणि हे बघ, आपण कागदाची मापं घेतो, मजकूर वाचत नाही. माहितीय ना?"

"माहितीय."

लिफाफा उघडला. तपकिरी शाई. मारितचं अक्षर.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला सहा, याला अकरा! ज्यानं मला चारचौघांत उघडं पाडलं त्याला! ग्रेसन परवडला.

१० डिसेंबर, शुक्रवार

वाचली. सगळी. लॉर्ना मासे आणायला गेली होती, दर शुक्रवारी जाते तशी.

ॲमस्टरडॅमहून— "सर, तुम्ही सांगितलंत तसं एकाच चित्रापुढं वीस मिनिटं उभी राहिले. पहिली दहा मिनिटं नुसते पाय दुखले. अकराव्या मिनिटाला त्या बाईचा हात दिसला. पत्र लपवत होती ती! ग्रेसन प्रत्येक चित्राचा अर्थ मोठ्यानं सांगतो, म्हणून मी आणि हेलन गुपचूप दुसऱ्या खोलीत पळतो."

हेलन. जाड भिंगाची, सारखी शिंकणारी हेलन. तीन महिने मी हेलनवर जळत होतो.

हेगहून— "टोबिनला मी दारं पाठवतेय. प्रत्येक शहरात उघडं दार असलेलं एक चित्र शोधते, त्याचंच कार्ड घेते. सापडलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जाते. त्याला सांगितलेलं नाही. दार आपटून गेलाय ना. बघू या कितव्या दाराला ओळखतो."

पॅरिसहून— "टोबिनचं पत्र आलं. दाराबद्दल अक्षर नाही. आम्ही म्हणजे कोण, एवढंच विचारलंय. सर, त्याला काही सांगायलाच भीती वाटते. हवापाणी लिहिते झालं."

फ्लॉरेन्सहून— "दोन पानं. चित्राबद्दल एक ओळ नाही."

आणि कोपनहेगनहून— "आज त्याला शेवटचं पाठवलं. इथं करड्या रंगाच्या रिकाम्या खोल्यांची चित्रं आहेत. खूप शांत. त्यातलं बंद दाराचं निवडलं."

भिंतीवरून माझी सहा कार्डं काढली. टाचण्या बोटांत घुसल्या. उलटी केली. ॲमस्टरडॅम— झाडू घेतलेली मोलकरीण, मागं दार उघडं, पलीकडं अंगण. हेग— उंबऱ्यावर कुत्रं. पॅरिस, फ्लॉरेन्स, व्हिएन्ना— उघडं, उघडं, उघडं. व्हिएन्नाच्या दारातून तर ऊन आत आलंय.

सहावं बंद.

तीन महिने हे माझ्या नाकासमोर होतं, भिंतीकडं तोंड करून.

११ डिसेंबर

उपाय सापडला. उद्या विमानतळावर जात नाही. माझी सहा कार्डं एका चौकटीत बसवली, चित्रं बाहेर. साधं मेपल, बारीक पट्टी. आजवर एवढी सुबक चौकट केली नव्हती. काउंटरवर ठेवणार. म्हणणार— पहिल्या दारालाच ओळखलं होतं. तुझी गंमत मोडायची नव्हती.

कुणाला कळणार? सर बोलायचे नाहीत, मी वाचावीत म्हणूनच ठेवून गेले असतील.

फ्लॉरेन्सला जाऊन आलो म्हटलं तेव्हा कुणी पासपोर्ट मागितला होता?

१४ डिसेंबर

सर आले, काठी टेकत. गाडी मारितनं चालवली होती. केस बारीक कापलेत. माझ्याकडे न बघता दारापाशीच थांबली. मग चौकट दिसली तिला. जवळ आली. बोटानं एकेक दार मोजलं.

"तुला दिसली! टोबिन, तुला दिसली ना? कधी रे?"

असं तिनं माझ्याकडे कधीच बघितलं नव्हतं. ती ज्या मुलाकडे बघत होती, ज्याला ती दारं दिसली होती, त्याचा मला असा हेवा वाटला! ग्रेसनचा कधी एवढा वाटला नाही.

"मला नाही दिसली," म्हणालो. "सरांची कार्डं वाचली मी. शुक्रवारी."

लॉर्नाचा काच पुसणारा हात थांबला. सर खाली काठीकडे बघत राहिले. मारितचं बोट तसंच काचेवर, सहाव्या दारावर.

कोट घेतला. बाहेर पडलो. दार धरून हळूच ओढलं, आणि मूठ सोडायच्या आधी नीट लागलंय ना ते पाहिलं.