मंगळवार ते गुरुवार

भाईंदर पूर्व,
रविवार, १२ जानेवारी २०२५

प्रिय अनसूयाताई,
साष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला थांबला का? माणगावला थंडी चांगलीच असेल. इथे पहाटे थोडी जाणवते, मग दिवसभर ऊनच. इशिता बंगळुरूला बरी आहे, दर रविवारी फोन करते. शेजारच्या जिग्नाबेननी काल तिळाची चिक्की दिली. एकटीला किती लागते? डबा तसाच आहे.

तू फोन उचलत नाहीस. आता तर नंबरच लागत नाही, म्हणून हे पत्र. पोस्टमन अजून तोच असला तर वाचून दाखवायला बसेल. त्याला देऊ नकोस. एकटी बस आणि वाच.

तू गावात सांगतेस, माझी बहीण पोलिसात आहे, चोर पकडते. ताई, मी एकही चोर पकडलेला नाही. सात वर्षं मी एका टेबलावर कागद जुळवतेय. बाकीच्या जिल्ह्यांतून, गुजरातेतून निरोप येतात: अमुक वर्णनाचा माणूस, अमुक गाडी. ते आपल्याकडच्या गुन्ह्यांशी ताडून बघायचं आणि जुळलं की दोन्हीकडे कळवायचं. त्यांना अर्धं माहीत असतं, आम्हाला अर्धं. मी कळवलं नाही तर ती दोन अर्धी एकमेकांना भेटतच नाहीत.

२६ नोव्हेंबरला, मंगळवारी, वापीकडून एक फोटो आला. मोटरसायकलवर दोघं, बायकांच्या गळ्यातली मंगळसूत्रं ओढून पळणारे. तिकडे तीन गुन्हे, आमच्याकडे चार. आमच्याकडे गाडीचा नंबर होता, त्यांच्याकडे चेहरा. पण चेहरा अर्धा रुमालात. कुणालाच ओळखू आला नसता. मागे बसणारा पानटपरीसमोर उभा होता, एका पायावर दुसरा पाय ठेवून. आयटीआय करताना दोन वर्षं तुझा निकेत माझ्या ओट्यापाशी तसाच उभा राहायचा, भाकरी तव्यावरून उतरायची वाट बघत.

तू विचारलं होतंस, "त्याचं नाव कुणी दिलं?" त्या दिवशी पोलीस ठाण्याच्या व्हरांड्यात, सगळ्यांसमोर. मी म्हटलं, "मशीननं जुळवलं, ताई." तू माझ्याकडे बघत राहिलीस आणि पिशवी उचलून निघून गेलीस. तुला तेव्हाच कळलं होतं. तरी आज लिहून देते. निकेतचं नाव मीच दिलं.

एवढंच असतं तर मी हे पत्र कधीच लिहिलं असतं. पुढचं लिहायला मला दीड महिना लागला.

मंगळवारी मी नाव दिलंच नाही. त्या निरोपापुढे 'पडताळणी चालू' असं लिहिलं आणि संध्याकाळी घरी येऊन निकेतला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, ड्युटीवर आहे गं, नंतर करतो." मी म्हटलं, "निकेत, तुझा फोटो माझ्या टेबलावर आहे." मी सांगितलं, गुरुवारी सकाळी माझ्याकडे ये, मी स्वतः तुला घेऊन जाते. आपणहून हजर झालास तर साहेबही वेगळ्या नजरेनं बघतील. तो रडला, ताई. "आईला सांगू नको," म्हणाला. आणि "येतो" म्हणाला. मी विश्वास ठेवला.

बुधवारी वापीहून, फोटो पाठवणाऱ्या पोलिसाचा फोन आला, "मॅडम, कुछ मिला क्या?" मी म्हटलं, "देख रहे हैं."

गुरुवारी अर्धी रजा टाकली. घावन केले, नारळाचा रस काढला. त्याला आवडतात म्हणून. नऊ वाजले, दहा वाजले, अकरा वाजले. फोन बंद. बाराला सगळं झाकून ऑफिसात गेले तर टेबलावर नवा कागद होता. राई गावच्या रस्त्यावर सकाळी सव्वानऊला एका बाईच्या गळ्यातली पोत खेचली. बाई अडुसष्ट वर्षांची. नाव विमलाबाई. पोत तुटेना म्हणून पोरांनी गाडी न थांबवता तिला फरफटत नेलं. गाडीचा नंबर तोच.

मी उभ्यानंच नाव लिहिलं आणि दोन्हीकडे पाठवलं. चार तासांत इथल्याच डोंगरी गावातल्या खोलीवरून दोघांना उचललं. चार तास, ताई. मंगळवारी दिलं असतं तर मंगळवारीच पकडले असते.

तू म्हणतेस, मावशीनं भाच्याला अडकवलं. ते खरंच आहे, पण तू समजतेस तसं नाही. विमलाबाईंचा खांदा मोडला नसता तर त्याच्यावर नुसती पोत खेचल्याची कलमं लागली असती, वकील म्हणतो जामीनही झाला असता. आता जबर दुखापत करून लुटल्याचं कलम लागलंय. त्याला वाचवायला म्हणून मी दोन दिवस थांबले, आणि त्याच दोन दिवसांत त्याचं हे मोठं प्रकरण झालं. मी त्याला जेलमध्ये भेटायला गेले होते. तो बाहेर आला नाही.

डिसेंबरात मी राईला गेले, विमलाबाईंकडे. चौकशीला म्हणून नाही, तशीच; पोलिसात आहे एवढंच सांगितलं. त्यांनी मला पडवीत बसवलं, सुनेकडून चहा आणवला. म्हणाल्या, "हात वर जात न्हाय गो. केस सून इंचरते." मग सहज विचारलं, "तुमाला त्या पोरांचा आधी कायच ठावूक नव्हता का गो?"

मी म्हटलं, "नाही."

कप तसाच खाली ठेवून मी उठले.

दोन जानेवारीला पोलीस स्थापना दिनाच्या कार्यक्रमात मला प्रशस्तिपत्र मिळालं. 'दोन राज्यांतील माहितीची तत्परतेने जुळणी.' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन फोटो कुणाला पाठवावा, हे सुचेना. पूर्वी पहिला तुला पाठवला असता.

परवा, शुक्रवारी, मी सगळं कागदावर लिहून कौस्तुभ साहेबांना दिलं. मंगळवारचा निरोप, माझा फोन, बुधवारचं खोटं, सगळंच. साहेब वयानं माझ्या इशिताएवढे. दोनदा वाचलं. म्हणाले, "मॅडम, हे तुम्हाला कुणी विचारलं होतं का?"

मी म्हटलं, "विमलाबाईंनी विचारलं होतं, साहेब. त्यांना मी खोटं सांगितलं."

साहेबांनी पेन उघडलं. मग कागदावर सही केली आणि पुढे पाठवला. आता चौकशी लागेल. टेबल त्याच दिवशी काढून घेतलं, सध्या आवक-जावकला बसवलंय. पेन्शनचं काय होईल, माहीत नाही. काल ऑफिसात कुणी वाईट बोललं नाही, पण डबा खायला बोलावलंही नाही. उद्या मी राईला जाणार आहे. ते 'नाही' मला परत घ्यायचंय. त्यांनी हाकलून दिलं तरी चालेल.

२८ तारखेला ठाण्याच्या कोर्टात निकेतची तारीख आहे. मी येईन. माझ्या शेजारी बसायचं नसेल तर मी बाहेर जिन्यात थांबेन, तू काही बोलायची गरज नाही. फक्त एवढं ऐक, आत गेल्यावर दारालगतच्या बाकावर बस. पोरांना तिथूनच आणतात. तो सगळ्यात आधी तुला शोधेल.

भावोजींना नमस्कार.

निकेतचं नाव देणारी, आणि ते दोन दिवस उशिरा देणारी,
तुझी धाकटी बहीण
उर्मिला