आतली पट्टी

प्रिय धाकट्या,

'प्रिय' लिहून पेन खाली ठेवलं होतं. मग म्हटलं, राहू दे. आपल्या घरातली पत्रं अशीच सुरू होतात आणि तुझ्यापायी मी घरची रीत मोडणार नाही. पण हे पत्र गोड नाही. ऑफिसात चार माणसांत बसून वाचू नकोस. वहिनीपुढेही नको, तिने माझं काही वाकडं केलेलं नाही. दार लावून घे आणि एकट्याने वाच.

गुरुवारी डॉक्टर सुट्टीवरून परत येतायत आणि आपल्या डोळ्यांच्या हॉस्पिटलचं थिएटर पुन्हा सुरू होतंय. पहिलं ऑपरेशन चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंचं. त्यांचा उजवा डोळा आपल्याच टेबलावर गेला. साधा मोतीबिंदू काढायला आल्या होत्या, पू झाला आणि डोळा गेला. आता उरलेला डावा डोळाही त्या आपल्याच हाती देतायत. का देतायत सांगू? तू त्यांच्या खाटेशेजारी गुडघे टेकलेस, त्यांचा हात हातात घेतलास आणि प्रभूची इच्छा आपल्याला कळत नाही असं म्हणत प्रार्थना केलीस. बाई रडल्या. मी औषधाचा ट्रे घेऊन दारात उभी होते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. वाफेच्या मशीनच्या दाराचं रबर झिजलंय, ही प्रभूची इच्छा नव्हे. ती तुझी इच्छा होती, आणि ती कळायला प्रार्थना लागत नाही.

मॅनेजरच्या खुर्चीत बसलं की माणसाला सोयीचं विसरता येतं, म्हणून तुला माहीत असलेलंच पुन्हा लिहिते. थिएटरची हत्यारं कापडात बांधून आपण वाफेच्या मशीनमध्ये घालतो. गाठोड्यावर एक पांढरी पट्टी चिकटवतो. मशीन चाललं की पट्टीवरच्या रेघा काळ्या पडतात आणि सगळे खूश होतात. पण ती पट्टी एवढंच सांगते की बाहेरून गरम वाफ लागली. वाफ कापडांच्या घड्यांतून आत हत्यारांपर्यंत पोचली की नाही, ते तिला कळत नाही. त्यासाठी गाठोड्याच्या अगदी मधोमध दुसरी पट्टी ठेवायची असते. ती बाहेरून दिसत नाही. थिएटरमध्ये गाठोडं उघडल्यावरच दिसते. या आतल्या पट्ट्या मागवणं तू बंद केलंस. बाहेर एक आहे की, दोन-दोन कशाला, असं म्हणालास. आणि दारातून वाफ फुसफुसतेय म्हणून मी ओरडत आले तेव्हाही तू बाहेरचीच पट्टी दाखवलीस. काळी झालीय ना ताई, मग झालं. मी परत फिरले, कारण दाखवायला माझ्या हातात काही नव्हतं.

बाईंचा डोळा गेला त्याच आठवड्यात मी माझ्या जुन्या नोकरीतल्या मैत्रिणीकडून आतल्या पट्ट्यांचं पाकीट मागून आणलं. रोजच्यासारखंच गाठोडं बांधलं, मधे पट्टी ठेवली, मशीन चालवलं. बाहेरची पट्टी काळीकुट्ट. आतली पांढरी फटफटीत, जशी ठेवली तशी. पुन्हा केलं, पुन्हा तेच. दोन्ही पट्ट्या मी तुझ्या टेबलावर ठेवल्या तेव्हा तुझा चेहरा पाहण्यासारखा झाला होता, पण क्षणभरच. मग तू उठून दार लावलंस, मला पाणी दिलंस आणि तुझा तो चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचायचा आवाज काढलास. म्हणालास, देव माणसाचं मन पाहतो ताई, आपला हेतू शुद्ध आहे. अरे, देव मन पाहतो हे मला तुझ्याआधी शिकवलंय, तू तेव्हा पाळण्यात होतास. तो मन पाहतो म्हणून गाठोडं पाहत नाही, हे तुला कोणी सांगितलं?

आणि माझ्या वाफेच्या खोलीतली ती फ्रेम कोणी लावली होती? मशीनच्या बरोबर वर, सोनेरी अक्षरांत, 'देव पाहत आहे'. उद्घाटन केल्यासारखी लावलीस. तेव्हा कापूस आणि साबण कमी होत होता आणि तुझा संशय सफाईवाल्या मावशींवर होता. म्हणजे देवाने खाली बसून मावशींच्या पिशवीत डोकवायचं, आणि तुझ्या ऑफिसचं दार लागलं की त्याने तोंड फिरवायचं. देवाला चांगला पहारेकरी नेमलायस, तोही बिनपगारी. कापूस कोण नेत होतं माहीत आहे ना? कोणीच नाही. डिलिव्हरीवाला कमी टाकून जात होता. मावशींची माफी मागायचं तुझं अजून राहिलंय.

त्या दिवशी तू मला शब्द दिलास. नवं रबर मागवतो, ते बसेपर्यंत हत्यारं दुसरीकडून वाफवून आणतो. मी विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवशी माझी बदली चष्म्यांच्या काउंटरवर. ताई दमलीये, तिला जरा हलकं काम देऊ, असं सगळ्यांना सांगितलंस, आणि सगळ्यांना किती काळजीवाहू भाऊ आहे असं वाटलं. मलाही वाटलं रे. तेच तर झोंबतं. मी मुकाट्याने लोकांच्या नाकावर चष्मे बसवत राहिले आणि मनात म्हणत राहिले, चुकला असेल, पण सुधारतोय.

परवा तो मशीन दुरुस्त करणारा मेकॅनिक चष्म्याची दांडी वाकवून घ्यायला आला. बोलका माणूस आहे. मी सहज विचारलं, नवं रबर बसवलंत ना? तो हसला. कुठलं रबर? साहेब म्हणाले, वार्षिक भेटीचे देणगीदार पाहुणे येऊन जाऊ देत, मग बघू, मशीन आत्ता उघडलं तर थिएटर बंद ठेवावं लागेल. साहेबांना म्हणे पाहुण्यांना सांगायचंय की यंदा थिएटर एकही दिवस मशीनपायी बंद पडलं नाही. मी म्हटलं, मग हत्यारं बाहेरून वाफवून आणत असतील. तो म्हणाला, छे, इथेच तर वाफवतात, मी येता-जाता बघतो ना. माझ्या हातातली दांडी मोडली. त्याला नवी घालून दिली, माझ्या खिशातून.

तो गेल्यावर मला पप्पांची आठवण झाली आणि मग सगळं उलगडत गेलं. माझी बदली झाल्यानंतर पप्पांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आपल्याच हॉस्पिटलात व्हायचं होतं. तारीख ठरली होती, डॉक्टर इथेच होते, मी त्यांची पिशवीही भरून ठेवली होती. आणि सकाळी तू गाडी घेऊन आलास आणि त्यांना थेट मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात घेऊन गेलास. तिथली भिंगं जास्त चांगली असतात म्हणालास. पप्पा वाटभर कुरकुरत होते की घरचं हॉस्पिटल असताना एवढ्या लांब कशाला. मी तुझं कौतुक केलं होतं. वहिनीला फोन करून म्हटलं होतं की पोरगा बापासाठी किती करतो. आता त्याच दिवसाचं मला दुसरं काही आठवतंय. त्या दिवशी आपलं थिएटर चालू होतं. मी काउंटरवरून पेशंट आत जाताना पाहिले होते, हिरव्या टोप्या घातलेले, एकमेकांचा हात धरून. त्यांचे डोळे वाचले ती केवळ देवाची दया. पण तू त्यांना त्या टेबलावर झोपू दिलंस आणि आपल्या बापाला गाडीत घालून तिथून लांब नेलंस.

म्हणजे तुला सगळं माहीत होतं. तू आळशी नव्हतास, विसराळू नव्हतास, अडाणी तर नव्हतासच. आतली पट्टी पांढरी आहे, हे माझ्याइतकंच तुला ठाऊक होतं. मला तुझा राग येतो, धाकट्या. नुसता राग नाही, किळस येते. रविवारी तू शास्त्रपाठाला उभा राहतोस आणि त्याच उपासनेत बाई ऑर्गन वाजवतात, मान उजवीकडे वळवून, कारण उजवीकडच्या पट्ट्या त्यांना दिसत नाहीत. चुकल्या की तू समजूतदारपणे हसतोस. गेल्या रविवारी तू हसलास तेव्हा मी उठून बाहेर गेले. पाळकसाहेबांना वाटलं मला चक्कर आली.

आपण असे कसे निघालो, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारते. पप्पांच्या कुलपांच्या दुकानात आपण दोघंही वाढलो. गावातलं कुठलंही दार त्यांना उघडता यायचं आणि लोक बिनघोर चाव्या त्यांच्याकडे टाकून जायचे. तू तारेचा आकडा करून शेजारच्या काकांचं कपाट उघडलं होतंस, आठवतं? काही घेतलं नव्हतंस, नुसतं उघडून पुन्हा बंद केलं होतंस. मी चुगली करायला धावले तर पप्पांनी मलाच थांबवलं. त्यांचा तो एकच प्रश्न असायचा: त्याच्याशी एकटीने बोललीस का? प्रभूने हीच रीत घालून दिली आहे असं ते म्हणायचे. भावाचं चुकलं तर आधी एकट्याने जा, दोघांतच बोला. नाही ऐकलं तर एक-दोघांना बरोबर ने. तरीही नाही, तर मग चर्चच्या मंडळीला सांग. मधली पायरी गाळायची नाही. मी तुझ्याकडे आले, दुकानाच्या मागच्या अंगणात आपण भांडलो, मी तुझे केस ओढले, आणि मग तू स्वतःच्या पायाने काकांकडे जाऊन सांगून आलास. काकांना तर पत्ताच नव्हता. परत येताना तू रडत होतास आणि तरी उड्या मारत होतास. त्या धाकट्यासाठी मी अजून जीव टाकते. तू कुठे ठेवलास तो?

पप्पा त्या दिवशी तुला म्हणाले होते, कुलूपवाल्याला कोणी बघत नसतं, म्हणूनच त्याने कोणीतरी बघतंय असं धरून चालायचं असतं. भीतीने नव्हे. तो बघतोय म्हणजे आपण एकटे नाही, म्हणून. मला वाफेच्या खोलीत हे रोज आठवायचं. तिथे कोण बघणार? डॉक्टर बाहेरची काळी पट्टी बघून हात पुढे करतात, पेशंट डोळा मिटून पडलेला. अख्ख्या हॉस्पिटलात त्या गाठोड्याच्या आत काय आहे ते जाणणारा एकच, आणि तुला वाटतं तो फक्त सोनेरी अक्षरांत राहतो.

तेव्हा हे पत्र कशासाठी, ते आता सांगते. ही पहिली पायरी आहे. मी एकटीने तुझ्याशी बोलले. तुझ्या ऑफिसात गोड बोलून मला वाटेला लावलंस, म्हणून या वेळी लिहून बोलले, म्हणजे मधेच पाणी पाजता येणार नाही. बुधवारी दिवे लागायच्या आत बाईंच्या घरी जा, डोळा का गेला ते त्यांना स्वतःच्या तोंडाने सांग, डॉक्टरांना फोन कर आणि रबर बसेपर्यंत थिएटरला कुलूप घाल. गेलास तर हे पत्र फाडून टाक, मी पुन्हा विषय काढणार नाही, आणि तू काकांकडून आला होतास तसा येशील तर दार उघडं आहे. नाही गेलास तर गुरुवारी सकाळी बाई आत जायच्या आधी मी थिएटरच्या दारात उभी असेन, आणि प्रभूने सांगितलंय तशी एकटी नसेन. एक तो मेकॅनिक, त्याला मी विचारलंय, तो येतो म्हणाला. दुसरे जे येतील त्यांना अजून काही सांगितलेलं नाही, कारण आधी एकट्याने, ही त्यांचीच शिस्त. पण पिशवी भरून ठेवली आहे. पप्पांना आणणार आहे. त्यांना आता अगदी लख्ख दिसतं, धाकट्या. तूच तशी सोय केलीस.

हे नातं कापून टाकता येत नाही म्हणून तुझीच,
ताई