एकशे चार स्लाइड

नारिन,
४ ऑक्टोबर २०१२

प्रिय कालिपा,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस का? चौतीस वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आज एकदम एवढं जाड पाकीट. घाबरू नकोस, वाईट बातमी नाही. आमचा म्हातारा जिवंत आहे, दोन वेळा पोटभर जेवतो आणि माझ्यावर मनसोक्त ओरडतो. फक्त डोळे गेले. काचबिंदू. उजवा सहा वर्षांपूर्वी गेला, डावा गेल्या हिवाळ्यात. ज्याने जन्मभर फोटो काढत डोळ्यांवर पोट भरलं, त्याच्या हातात आता चहाची वाटी नेऊन द्यावी लागते.

वसंतात इथल्या संग्रहालयातली चोल्पोनाय नावाची मुलगी घरी आली. म्हणाली, कासीमाली आजोबांच्या सगळ्या स्लाइड आम्ही घेतो, पण यादी हवी. कुठल्या साली, कुठे, कोण माणसं, सगळं. म्हातारा म्हणाला, "यादी माझ्या डोक्यात आहे." ती पोरगी पटकन म्हणाली, "मग डोकं कपाटात ठेवायला देता का, आजोबा?" मला वाटलं, आता हा हिला हाकलणार. हा हसत सुटला, आणि दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं.

तुला ती खोकी आठवत असतील. बुटांची, औषधांची, हलव्याचे डबे. तीन हजार सहाशेच्या वर स्लाइड निघाल्या. काहींवर बुरशी, काहींचे रंग उडून सगळं जग गुलाबी झालेलं. चोल्पोनायने खालून उजेड येणारी काचेची पेटी आणून दिली, पांढरे हातमोजे दिले आणि कार्डांचे गठ्ठे. मी भिंगातून बघायचं आणि सांगायचं, म्हाताऱ्याने ओळखायचं, मी लिहायचं. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "एक जाडा माणूस आहे, टोपी घातलेला." तर म्हणतो कसा, "अगं बाई, आपल्याकडे टोपी न घातलेला जाडा माणूस दाखव एखादा!" मग मी शिकले. घोडा असेल तर आधी कान बघायचे, तंबू असेल तर दारावरच्या लोकरीच्या नमद्याची नक्षी सांगायची. "डाव्या कानाला चीर आहे? मग तो सुयुंबायचा घोडा. त्र्याहत्तर साल. त्या दिवशी त्याच्या सुनेला मुलगा झाला होता, आपण घोडीच्या दुधाचं आंबट कुमीस पिऊन तिथेच झोपलो." कालिपा, संसाराला पंचेचाळीस वर्षं झाली, पण माझा नवरा जन्मभर काय बघत होता, ते मला या उन्हाळ्यात कळलं. सकाळी चहा झाला की मीच घाई करायची, चला, बसा लवकर.

ऑगस्टमध्ये हलव्याचा तो निळा डबा उघडला. मी पहिली स्लाइड उजेडावर ठेवली आणि सांगायला लागले. बर्फ, ट्रॅक्टर, एक म्हातारी, तिच्या कोटाच्या गळ्यातून डोकं बाहेर काढलेलं कोकरू, म्हातारी तोंडभर हसतेय. पुढे सांगायची गरजच नव्हती. ते चित्र मासिकाच्या मुखपृष्ठावर आलं होतं, त्याला पदक मिळालं होतं, आणि चोल्पोनायने संग्रहालयातल्या प्रदर्शनाच्या दाराशी लावायला तेच निवडलं होतं. म्हाताऱ्याने हातातली वाटी खाली ठेवली. मग म्हणाला, "हे माझं नाही. लिही, कालिपाचं." चोल्पोनाय समोरच होती. बिचारी म्हणाली, "आजोबा, पण सगळ्यांना ठाऊक आहे की..." तो म्हणाला, "सगळ्यांना चुकीचं ठाऊक आहे. मी तेव्हा न्यूमोनियाने इस्पितळात होतो. वरच्या खोऱ्यात मेंढपाळ नऊ दिवस बर्फात अडकले होते. आमच्या प्रयोगशाळेत फिल्मचे रोल धुणारी तेवीस वर्षांची पोरगी माझा कॅमेरा गळ्यात अडकवून ट्रॅक्टरवर बसून गेली. तीन रोल घेऊन परतली आणि डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं थंडीत गमावून आली. मासिकवाल्यांनी गफलत केली, माझं नाव छापलं. मी बरा होऊन आलो तेव्हा अंक घरोघरी पोचला होता. आणि मी गप्प बसलो. ती चोरीच झाली."

मी चहा ओतत होते. वाटी भरून सांडली तरी मला कळलं नाही.

तुझ्या तिन्ही रोलांच्या स्लाइड मी वेगळ्या काढल्या. एकशे चार आहेत. पण त्यांतली माणसं म्हाताऱ्याला ओळखता येत नाहीत, तो तिथे नव्हताच. मी वर्णन करते आणि तो म्हणतो, "मला कसं माहीत असणार? कालिपाला विचार." रोज तेच. "लिहिलंस का तिला?" मी म्हणायची, उद्या. असे कितीतरी उद्या झाले.

कारण चूक मासिकवाल्यांची नव्हती. राजधानीतून त्यांचा माणूस आमच्या घरी आला, तेव्हा तू बोटांना पट्ट्या बांधून पडली होतीस आणि म्हातारा इस्पितळात होता. धुतलेल्या स्लाइड माझ्याकडे होत्या. त्याने विचारलं, "कोणी काढल्या?" मी म्हटलं, "ह्यांनी." पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला समजावत राहिले की त्याच्या जागी दुसरीच गेली हे कळलं तर नवऱ्याची नोकरी जाईल या भीतीने बोलले. ते खरं नाही. त्या हिवाळ्यात हा घरी आला की तुझंच कौतुक सांगायचा, "त्या पोरीचा डोळा माझ्यापेक्षा तयार आहे." मी शेवया कापत ऐकत बसायची. तुमच्यात तसलं काही नव्हतं, हे मला तेव्हाही पक्कं ठाऊक होतं. तरी बोलले. आणि अंक आल्यावर हा संपादकांना पत्र लिहायला बसला, तेव्हा मीच रडून त्याचा हात धरला. तू दूर ओश शहरात बदली मागून घेतलीस. निघताना मला मिठी मारून म्हणालीस, "वहिनी, दादांना सांभाळा." 'दादा' हा शब्दही तुला नीट उच्चारवत नव्हता. तो चोर आहे असं समजून तू गेलीस, आणि मी तुला तसं जाऊ दिलं.

परवा सकाळी त्याला सगळं सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करून बसून राहिला. दिवसभर कामाला बसला नाही. संध्याकाळी म्हणाला, "पत्र तू लिही. मी सांगायचं आणि तू लिहायचं, असं हे नको." म्हणून लिहिते आहे. त्याच्यावरचा राग आता सोड, कालिपा. तो माझ्या नावावर कर. एकशे चार कार्डांवर छायाचित्रकाराच्या जागी मी तुझं नाव लिहिलं आहे, दारातल्या त्या चित्राखालीही तेच लागेल. चोल्पोनायने उद्घाटन पुढे ढकललं आहे. त्या हसणाऱ्या म्हातारीचं नाव काय होतं, ते तुझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. इथे येऊन सांग. माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस. मी मुकाट्याने लिहून घेईन.

तुझीच वहिनी,
बातमा