जवळ्याची बरणी

१२ मे
आज सूनबाईंनी माझी शाळा घेतली! महिला मंडळात कोणीतरी येऊन स्वयंपाकघरातले अपघात कसे टाळायचे ते शिकवून गेलं. तिथे शिकली दिशा, घरी येऊन राबवलं माझ्यावर. शेगडीच्या वर फडकं टांगायचं नाही. तव्याचा दांडा आत वळवायचा. विळी उभी सोडून उठायचं नाही, आडवी करायची. मासे पुसून तेलात सोडायचे.
जन्म गेला बोंबील तळण्यात, आणि आता तेल कसं उडतं ते ही मला सांगणार. माझ्या लेकाचं, विनेशचं बरं आहे, बोटीवर असतो.

१४ मे
विळी आडवी केली. कोणी बघत नव्हतं म्हणून.

१७ मे
आवडाबाई सुका जवळा दाखवायला आली. पावसाळ्याची भरणी करण्याआधी कोळीवाड्यातल्या बायका माझ्याकडे येतात — माल नीट सुकला की आत दमट राहिला, ते ही केसर वासावर सांगते. हा मान आधी सासूबाईंचा होता, मग माझ्याकडे आला. मूठभर घेतला, चोळला, नाकाशी धरला. म्हटलं, भर बिनघोर.
चहा दिशाने केला. पाणचट. थंडीतल्या तापापासून तोंडाला चव नाही, त्यात हिच्या हाताला आले-वेलची माहीत नाही. ती म्हणते, दोन्ही घातलंय.

२१ मे
वाटणाचा कांदा करपला. मी शेगडीकडे पाठ करून मासे कापत होते. दिशा पार अंगणातून धावत आली. "आई, करपतंय, कळत न्हाय का तुम्हाला?" नवी कढई पातळ आहे, दुसरं काय.

२४ मे
आवडाबाई दारातूनच, "केसर, तुजं नाक कुठं गेलं गो? सगला जवला कुजला." मी म्हटलं, प्लास्टिकच्या पिशवीत भरलास, कुजणारच. चहा न घेता गेली. मनाला लागलं जरा.

२८ मे
संध्याकाळी दूध उतू गेलं असणार. ज्योत विझली, गॅस तसाच चालू. मी खाली बसून पापलेट साफ करत होते. दमट वाऱ्याने सुकी मासळी बिघडते म्हणून खिडकीच्या फटींत मीच चिंध्या कोंबलेल्या. मांजर शिरतं म्हणून दारही ओढलेलं. दिवेलागणीला उठले, हात धुतले, काडेपेटी घेऊन देवापुढे उभी राहिले.
तेवढ्यात दिशाने दार ढकललं आणि काडेपेटी हिसकून घेतली. "लायटीला हात लावू नका!" शेगडीचं बटण बंद, रेग्युलेटर बंद, चिंध्या उपटून खिडक्या सताड उघड्या. मला दंडाला धरून अंगणात नेलं, आणि तिथे मटकन बसून रडली. "दारापर्यंत वास येतोय, आई. तुम्ही आत बसल्याव कशा?"
सर्दी झालीय, म्हटलं.

२९ मे
विनेशचा फोन. आईला एकटीला शेगडीशी सोडू नकोस, असं दिशाला सांगत होता. मी ऐकलं. माझ्याच घरात माझ्यावर राखण! ठणकावून सांगितलं, मी आहे तोवर हे स्वयंपाकघर माझं. जेवायला वाढलं दिशाने, गुपचूप जेवले. राग होता तिच्यावर, आणि ती वेळेवर आली नसती तर, हेही मनातून जात नव्हतं.

३१ मे
दिशा पाण्याला गेली तेव्हा फळीवरून जवळ्याची बरणी काढली. झाकण उघडून नाक आतच घातलं. मग बोंबलांचा डबा. मग हिंगाची डबी. सर्दी नाही, नाक मोकळं आहे. वास कशालाच नाही.
खूप भीती वाटली.
ती आल्यावर काडेपेटी तिच्या हातात दिली. म्हटलं, ही तुझ्याकडे ठेव. आणि आवडाबाई नवा जवळा आणेल, तेव्हा वास तू घे.