ट्यूनर घेतला, अण्णा

अण्णा, काल ट्यूनर आणि मेट्रोनोम आणले. हल्ली दोन्ही एकाच डबीत मिळतात. तुम्ही लग्नांत वाजवायचात त्या बँडमध्ये असलं काही कुणाकडे नव्हतं, म्हणून सांगते. मेट्रोनोम टकटक करत लय धरून देतो आणि ट्यूनर आपला सूर ऐकून बरोबर की चूक ते सांगतो. बरोबर असेल तर हिरवा दिवा, नाहीतर लाल, आणि वर एक काटा, किती चुकलात ते दाखवायला. मला या डबीची मनापासून शिसारी आहे. तरी आणली. तुम्हाला ज्या एका शब्दाने घरी बसवलं, तो 'बेसूर' हा शब्द खरा होता की खोटा, हे एकदाचं मापून बघायचं होतं.

तुमचा सॅक्सोफोन मी पलंगाखालून बाहेर काढला त्याला दोन वर्षं होत आली. समा भागात एका क्लासला जाते. शिकवणारा मुलगा माझ्या लेकाच्या वयाचा आहे, आणि माझे सूर ऐकताना त्याचा चेहरा असा होतो जसं कुणी ताटात केस दाखवावा. "मॅम, हे डबडं भंगारात द्या, नवीन घ्या," असं तो दर रविवारी म्हणतो. मी नवीन घेणार नाही म्हटल्यावर, "मग निदान ट्यूनर तरी घ्या." आधी फोनवरचं फुकटचं घेऊन बघितलं. दोन ओळी वाजवून होतात न होतात तोच टकटक थांबून गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात सुरू! फोन फेकावासा वाटला. मग रावपुऱ्यातल्या दुकानात गेले. तिथल्या माणसाने न विचारताच सगळ्यात चकचकीत डबी पुढे सरकवली. "बेन, आ लई जाओ, आमां बधुं आवी जाय." यात म्हणे सगळं येतं. मी विचारलं, यात मूळ सूर वर-खाली करता येतो का? म्हणाला, "थोडो थाय. पण एनी जरूर शुं छे? आखी दुनिया एक ज सूर पर वगाडे छे." थोडा होतो, पण गरजच काय, सगळं जग एकाच सुरावर वाजवतं म्हणे! त्याचं ते 'आखी दुनिया' ऐकूनच मी ती परत सरकवली. वाघोडियाच्या कारखान्यात मापं तपासण्यात आयुष्य गेलं माझं. ज्या यंत्राचं शून्य हवं तेवढं हलवता येत नाही ते मी घेत नाही. शेवटी मागच्या फळीवरची एक बोजड, कुरूप डबी निघाली, तिचा मूळ सूर हवा तेवढा वर नेता येत होता. तीच घेतली. तो माणूस माझ्याकडे बघून हसला ते दिसलं मला.

खरं सांगायचं तर या वाद्याची मला लहानपणापासून किळस आहे. रेल्वेच्या क्वार्टरमधलं आपलं ते स्वयंपाकघर, आणि तुम्ही कामावरून आलात की सॅक्सोफोनची पातळ पट्टी वाटीत भिजत घालता. त्याच वाटीत दुसऱ्या दिवशी आई मला वरण वाढते. तुमचा रियाझ झाला की तुम्ही वाद्य उलटं करता आणि आतली थुंकी मोरीत ओघळते. आई भांडी घासायची थांबून म्हणते, "अहो, जिथे ताटं ठेवते तिथेच का?" आणि तुम्ही म्हणता, "थुंकी नाही गं, वाफ आहे, वाफ." मग मला समोर बसवून माझ्या पावलावर तुमचं पाऊल ठेवता आणि अंगठ्याने लय दाबता. तुमच्या टाचांना भेगा, पायाला वर्कशॉपच्या ग्रीसचा वास. मी टाळ्या वाजवायच्या, आणि टाळी चुकली की तुमचा अंगठा जोरात रुततो. माझं तोंड वाकडं व्हायचं आणि तुम्हाला वाटायचं पोरगी लक्ष देऊन ऐकते आहे. पण टाळी चुकायची बंद झाली, तेही खरं.

आणि मग गरब्याला वाजवणाऱ्या त्या पार्टीच्या तालमीला नेलंत मला. लग्नसराई संपली की नवरात्रात तुम्ही त्यांच्याबरोबर वाजवायचात. त्या वर्षी मालकाने नवा कीबोर्ड आणला होता. तुम्ही पहिली ओळ वाजवलीत आणि त्याने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "काका, आ शुं? बेसूर वागे छे तमारुं." तुम्ही तोंडात धरायचा तो माउथपीस थोडा बाहेर ओढलात, म्हणजे सूर उतरेल. पुन्हा वाजवलंत. खालचे सूर जुळले, वरचे फाटले. आणखी ओढलात. तो अगदी निघून हातात येईल इथपर्यंत ओढलात, आणि दरवेळी ते जास्तच वाईट वाजत गेलं. ढोलवाला हसला. मालकाने चहा मागवला आणि फार गोड आवाजात म्हणाला, "काका, हवे आराम करो." त्या गोडपणाची चीड मला अजून आहे. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. घरी येऊन तुम्ही आईला एवढंच म्हणालात, "माझे कान गेले." त्यानंतर गणपतीत तुम्ही आरती म्हटली नाहीत. सगळे गळा काढून गायचे आणि तुम्ही कोपऱ्यात उभे राहून नुसत्या टाळ्या वाजवायचात, अगदी शेवटच्या वर्षापर्यंत.

काल घरी येऊन डबी लावली. सवयीने माउथपीस बाहेर ओढून एक सूर हिरवा केला, तर दुसरा लाल. दुसरा हिरवा केला तर पहिला गेला. अर्धा तास हा तमाशा चालला. संतापून मी माउथपीस पुरता आत दाबला, जसा तुम्ही बँडच्या दिवसांत ठेवायचात, आणि खालपासून वरपर्यंत एकेक सूर वाजवला. सगळे लाल. पण अण्णा, काटा प्रत्येक सुराला उजवीकडे, म्हणजे चढ्या बाजूला, सरकून जवळपास एकाच जागी उभा राहत होता. कारखान्यात असं माप हातात आलं तर आम्ही ते फेकत नाही. ते खोटं नसतं, त्याचं शून्य वेगळं असतं. मी डबीचा मूळ सूर वर नेला, आणखी वर नेला, आणि पुन्हा वाजवलं. हिरवा, हिरवा, हिरवा.

लगेच क्लासच्या मुलाला फोन केला. म्हणाला, "हां मॅम, हाय पिच असेल. जुन्या बँडची वाद्यं चढ्या सुराचीच बनवायचे. ती आपसांत जुळतात, कीबोर्डला नाही जुळत." मी विचारलं, मग कीबोर्डवाल्याने काय करायचं असतं? "काही नाही, त्याचा सूर थोडा वर घ्यायचा. बटण असतं ना." मागे त्याचा टीव्ही चालू होता. तुम्ही ज्या गोष्टीपायी आरती सोडलीत, ती याने टीव्ही बघता बघता सांगितली. मला त्याचा राग आला, त्या मालकाचा आला, 'काका, आराम करो'चा आला, आणि सगळ्यात जास्त तुमचा आला. वादकांच्या घोळक्यात एकट्या तुम्हाला हलायला सांगितलं आणि तुम्ही हललात. एकदा तरी म्हणायचंत, तुमचं यंत्र तपासा. पोरीसमोर तरी म्हणायचंत.

तुम्ही बेसूर नव्हता. तुमचे कान शाबूत होते. हे सांगायला आता तुम्ही नाही, आई नाही, आणि मालकाकडे जाऊन त्याच्या अंगणात सॅक्सोफोन वाजवावा एवढी मी अजून निर्लज्ज झालेली नाही. हा कागद डबीबरोबर आलेल्या माहितीपत्रकात घालून ठेवते. ते कुणी उघडत नाही.

आणि आता एक सांगूनच टाकते, रागावू नका. सगळे दिवे हिरवे लागले, एकूण एक सूर जिथे पाहिजे तिथे लागला, तरी मला सॅक्सोफोनचा आवाज आवडत नाही, अण्णा. कधीच आवडला नव्हता.