कोरडा कोळसा

चि. धाकट्यास,

आशीर्वाद आहेतच, पण आधी कानउघाडणी. फोनवर तोंड सुटलं असतं, म्हणून लिहितेय.

पिवळ्या मक्याचा फोटो पाहिला. खाली तुझं वाक्य, "ताईचं शिक्षण मातीत गेलं." वा रे वा! बायोचार म्हणजे नुसता कोळसा नव्हे, हे मी मागच्या पत्रात दोनदा लिहिलं होतं. कंपोस्टमध्ये कालवून, ओला ठेवून महिनाभर मुरवायचा. कोरडा टाकला की मातीतलं खत आधी तोच ओढून घेतो आणि मका राहतो उपाशी. तू महिनाभर जागचा हलला नाहीस. पेरणीच्या आदल्या दिवशी भट्टी लावलीस आणि सकाळी कोळसा शेतात पसरलास. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

आता प्रत्येक रोपाच्या बुडाशी कंपोस्टचं पाणी घाल. तूच घाल. बाबांना वाकायला लावलंस तर याद राख. त्यांची कंबर कशी आहे? ते तू कधीच लिहीत नाहीस.

मी मजेत आहे. इथे शिकताना दिवसभर कोळशाच्या भट्टीपाशी असते, त्यामुळे जरासा खोकला आहे. आईला बोलू नकोस.

आणि तो फोटो पुन्हा नीट बघ. मागे मोरीपाशी मक्याची सहा ताटं उभी आहेत, कमरेएवढी, हिरवीगार. ती आईची. चुलीतला कोळसा तिने पत्र आलं त्याच दिवशी कंपोस्टमध्ये मुरत घातला होता, कालच फोनवर सांगत होती.

तिला अक्षरओळख नाही. माझं पत्र तिला तूच वाचून दाखवलं होतंस ना?

अजून तापलेली,
तुझी ताई