शेकोटीचं आख्यान

३० मार्च २०२५, रविवार

पाळकसाहेबांनी आज गाठलंच! उपासना संपून मी चपला शोधत होते. "सुवार्ताताई, यंदा उत्तम शुक्रवारचं कीर्तन तुम्ही करा." मी म्हटलं, ऑफिसात साड्यांच्या डिझाइनचं काम फार आहे, वेळ नाही.

खोटं बोलले. वेळ आहे. भीती वाटते. इथे तरी खरं लिहू दे.

बाबा जाऊन दोन वर्षं होतील. गेल्या उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेला, कीर्तन झालंच नाही. कीबोर्डवर चार गीतं, प्रार्थना, संपलं. शोभाबाई, आमच्या मंडळीतल्या सगळ्यात जुन्या, जिन्यातच बसून राहिल्या. "शांतवन मास्तर असते तर..." बाबा मास्तर नव्हते, लूमवर, यंत्रमागावर, कारागीर होते. पण मंडळी त्यांना मास्तरच म्हणायची.

त्यांचं आख्यान एकच. शेकोटीचं. प्रभूला धरून नेलं, आणि अंगणात शेकत बसलेला त्याचा शिष्य तीनदा म्हणाला, मी या माणसाला ओळखत नाही. मग कोंबडा आरवला, प्रभूनं आधीच सांगितलं होतं तसा. बाबा तिथे थांबायचे, दर वर्षी तिथेच रडायचे. पुढे गेले नाहीत कधी. लोक म्हणायचे, काय तो भाव!

आज शोभाबाईंनीच आधी विचारलं, "बाई उभी राहती का कीर्तनाला?" मग स्वतःच म्हणाल्या, "तू राहा उभी. बापाचा गळा आहे तुला."

१ एप्रिल, मंगळवार

हो म्हटलं.

सकाळपासून जुनी खोली आठवतेय, सुरतेतल्या लिंबायतचीच, मागच्या गल्लीतली. मी पाच वर्षांची. जन्माचा दाखला जालन्याला अडकलेला, म्हणून शाळा नाही. बाबा रात्रपाळी संपवून सकाळी यायचे, कानात कापूस तसाच, आणि शिकवायला बसायचे. एक पाटी, दोन विद्यार्थिनी! मी आणि आई. मला शास्त्रातल्या सोप्या ओळी. आईला फक्त तिचं नाव — इंदुबाई शांतवन साळवे. ती 'शां'वर अडायची. रोज तिथेच. मी खो खो हसायचे. शेवटी आठव्या दिवशी मीच तिचं बोट धरून 'शां' गिरवून दिला. बाबा म्हणाले, "शाब्बास, तू तर माझ्याहून चांगली मास्तरीण!" त्या दिवशी बाबांनी खायला गरम लोचो आणला होता, वर भरपूर शेव.

आईनं नंतर पाटीला हात लावला नाही. बाबा म्हणायचे, "तिला तेवढंच पुरे." मी तिच्या पुढे गेले याचा मला तेव्हा आनंद व्हायचा. अजून होतो. मग अपराधी वाटतं.

तरी सगळ्या आठवणींत मला हीच प्रिय.

३ एप्रिल

अंघोळ करताना आख्यानाची सुरुवात म्हणून पाहिली. शेजारची योगिता भिंतीपलीकडून, "ताई, कोण वारलं?"

५ एप्रिल, शनिवार

पेटी उघडली. बाबांची कीर्तनाची वही मिळाली. आख्यान कोंबड्यापर्यंत, मग कोरी पानं. आणि तळाशी, साडीच्या तुकड्यात गुंडाळलेले टाळ.

टाळ? बाबांच्या कीर्तनात टाळ नसायचेच. शब्बाथशाळेत तर मी मुलांना सांगते, उत्तम शुक्रवार दुःखाचा दिवस, म्हणून टाळ वाजवत नाहीत. कोणी शिकवलं मला हे? आठवत नाही. मीच जुळवलं असेल!

आई भाजी निवडत होती. "कुणाचे गं हे?" तिनं माझ्या हातातले टाळ घेतले, परत गुंडाळले. "राहू दे. मोडके आहेत."

मोडके नाहीत.

६ एप्रिल, रविवार

पाळकसाहेबांशी वाद झाला. वाद म्हणजे मी तीन वाक्यं बोलले आणि घरी येऊन तीन तास पस्तावले.

ते नगरचे, वयानं माझ्याहून चारच वर्षांनी मोठे. म्हणाले, "कीर्तन ही उपासना की कला? लोक रडतात ते प्रभूसाठी की मास्तरांच्या गळ्यासाठी?" मी म्हटलं, गळा कुणी दिला? ते हसले. "उत्तर चांगलं आहे, पण प्रश्न राहतोच. रडून लोक घरी जातात. सोमवारी काय करतात?"

मग त्यांनीच सांगितलं — दर रविवारी प्रार्थनेत लूमच्या शेठचं नाव घ्यायला त्यांना जड जातं. "आपण मजुरांसाठी न्याय मागतो, आणि त्याच दमात त्यांच्या शेठसाठी आशीर्वाद." मला राग आला. ही वरची खोली शेठनंच तर दिली! खाली लूमचं खातं, म्हणजे कारखाना, वर आम्ही. गीत म्हणताना पायाखालची फरशी थरथरते, आणि उत्तम शुक्रवारी तेवढे दोन तास ते लूम बंद ठेवतात. आधी मंडळी कुणाच्या ना कुणाच्या खोलीत जमायची, घरमालक हाकलायचे. मग एकदा शेठ दारात उभे राहून बाबांचं शेकोटीचं आख्यान ऐकत होते, त्यांनी डोळे पुसले आणि किल्ली बाबांच्या हातात दिली. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट आहे. ती किल्ली आता आईकडे. दर शनिवारी तीच झाडून काढते.

पाळकसाहेब म्हणाले, "असेल. मी नवा आहे."

९ एप्रिल, बुधवार

कुठून सुरू करू कळत नाही. तरी नीट लिहिते.

वहीतल्या दोन जुन्या पदांची चाल कुणालाच येईना. शोभाबाई म्हणाल्या, "हिलाल ढोलकी वाजवायचा, त्याला विचार." हिलालकाका दोन गल्ल्या सोडून राहतात, धुळ्याकडचे. टाळ बरोबर नेले. आईला सांगितलं नाही. त्यांची अहिराणी कानावर आली तशी लिहिते.

ओट्यावर बसले होते. आनंदले! "शांतवननी पोर? ये माय, ये. मी ढोलकी ठोकू, तुना बाप गाये, टाळवर लक्ष्मण. आम्ही दोन्ही माळकरी, तो ख्रिश्चन. लोक इचारेत, ह्या कोनं भजन करी ऱ्हायनात? तुना बाप म्हने, टाळले इचारा!"

मी पिशवीतून टाळ काढले. काकांनी ते उलटसुलट करून पाहिले. चहा निवला. मग बोलले.

वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या वरच्या खोलीखालचं तेच खातं. लूमच्या पट्ट्यावर लोखंडी जाळी असते. शेठनं ती काढायला लावली होती, साफ करताना वेळ जातो म्हणून. लक्ष्मणचा उजवा हात पट्ट्यात गेला. चार बोटं. चौकशीच्या कागदावर लिहिलं गेलं — लक्ष्मण पिऊन कामावर आला, जाळी त्यानंच काढली. साक्षीदार म्हणून खाली बाबांची सही.

"माळकरी मानूस, नि पिधेल लिखं!"

"आणि तुम्ही काका?"

"मी म्हनं, मी संडासले गयथू. माले काय दखायनं नही. तीन सावा इचारं, तीन सावा मी संडासमा!" हसले. मग हसता हसता तोंड फिरवलं.

महिन्याभरात मंडळीला खोली मिळाली. शेठ दारात उभे राहून रडले वगैरे काका म्हणाले त्यांनी तरी पाहिलं नाही. आख्यान तर त्यानंतर बसवलं बाबांनी. "कागदवर दोन सह्या व्हत्यात. दुसरी कोनी, माले नही ठाऊक." मुनीमाची असेल.

टाळ लक्ष्मणचे.

१० एप्रिल

ऑफिसात एका साडीवर बारा मोर काढायचे होते. तेरा काढले. कुणाच्या लक्षात आलं नाही. मीच पुसला एक.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

मुलांनी झावळ्या हलवल्या, गीत झालं, शेठसाठी प्रार्थना झाली. मी आमेन म्हटलं नाही. ओठ हलवले फक्त. हाही भित्रेपणाच.

दुपारी हिलालकाकांनी दिलेल्या पत्त्यावर, शहराच्या टोकाला कोसाडला गेले. लक्ष्मणकाका मुलीकडे राहतात, वसाहतीत तळमजल्याला. दारात बसून साड्यांचे लोंबते धागे कापत होते, कात्री डाव्या हातात. उजव्या पंजानं साडी नुसती दाबून धरलेली. गळ्यात माळ.

"मी शांतवनची मुलगी."

"वळखं. कपाळ तेच शे."

बस म्हणाले नाहीत. मी उभीच. मग त्यांनीच सांगितलं, कात्री न थांबवता, "तुना बाप दर वरीसले ये. उत्तम शुक्रवारना दुसरा रोज. आठेच उभा ऱ्हाये, तू उभी शे तठे. मी बस म्हनं नही. जाय बी म्हनं नही."

त्या शनिवारी बाबा "शाई आणायला जातो" म्हणून निघायचे! मला वाटायचं किती शाई लागते यांना.

मी टाळ पुढे केले. काकांनी पाहिलं. "एक हातनं टाळ वाजस का?"

मग मी काय बोलले — विचार करून बोलले नाही — की या शुक्रवारी कीर्तनात मी सगळ्यांसमोर खरं सांगेन. तुम्ही प्यायला नव्हता हे सांगेन.

कात्री थांबली. "सांगशी?"

"सांगेन."

"मंग ऐकाले ईसू."

१५ एप्रिल, मंगळवार

पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. वाटलं, न्यायाविषयी एवढं बोलणारा माणूस म्हणेल, सांगाच! ते खिडकीपाशी गेले. खाली बघत म्हणाले, "खोली गेली तर ही चाळीस कुटुंबं कुठे बसतील? आज सुरतेत आपल्याला जागा कोण देईल?" मग म्हणाले, "बघा, मीही तेच केलं आत्ता. आधी छताचा विचार." सांगा म्हणाले नाहीत. सांगू नका असंही नाही. प्रार्थना करू म्हणाले, आणि त्यांना शब्दच सुचेनात. त्यांची इतकी खरी प्रार्थना मी आजवर ऐकली नव्हती.

१७ एप्रिल, गुरुवार

आईला सांगावं लागलं. शोभाबाईंकडून कळण्यापेक्षा बरं.

ती चिडली नाही. हातातली पोळी लाटून पूर्ण केली. "माणूस मातीत गेला. आता त्याला भर मंडळीत उभा करती का?"

"आई, लक्ष्मणकाकांना अजून लोक दारुडा म्हणतात."

"मला ठाऊक नाही व्हय? त्याच खात्यात धाग्याच्या कांड्या भरत होते मी. त्याचं ओरडणं अजून ऐकू येतं, खालचे लूम बंद झाले की." मग एकदम, "त्यांचं नाव एवढंच उरलंय माझ्याकडं, सुवार्ता. तुला अर्धंच ठाऊक आहे. उकरू नको."

अर्धं म्हणजे? पोळी करपली.

मी रडले. तिचा हात धरला. पण वचन दिलं नाही. ते लक्ष्मणकाकांना दिलंय.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार

लिहायचं नव्हतं. पण न लिहिणं म्हणजे पुन्हा तेच.

खोली गच्च भरली होती. लूम बंद. फरशी स्थिर. हिलालकाका वीस वर्षांनी ढोलकी घेऊन आले! पहिल्या पदापासून माझा आवाज लागला, इतका लागला की मलाच मोह पडला. बाबांसारखी मी मान वळवत होते, बाबांसारखी थांबत होते.

लक्ष्मणकाका आले. दारातच उभे राहिले. शोभाबाईंनी चटई सरकवली, ते बसले नाहीत.

पहिला नकार. दुसरा. वाक्य तयार होतं माझं, पाच दिवस घोकलेलं — "असाच एक कागद या खोलीखाली लिहिला गेला." तिसरा नकार झाला. मी आईकडे पाहिलं. ती मांडीवरच्या किल्लीकडे बघत होती.

मी म्हटलं, "आणि कोंबडा आरवला."

आणि थांबले. आणि रडले.

सगळी खोली रडली. शोभाबाईंनी माझा चेहरा ओंजळीत घेतला. "अगदी शांतवन मास्तर! तस्संच!"

वर पाहिलं तेव्हा दार रिकामं होतं.

१९ एप्रिल

शनिवार. कोसाडला गेले नाही. बाबा तरी जायचे.

२० एप्रिल, पुनरुत्थानदिन

खालचे लूम चालू होते. पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, कुणाची साक्ष आहे का?

आई उठली. आजवर कधीच उठली नव्हती. किल्ली मेजावर ठेवली. हळू बोलली, पण शब्द न शब्द ऐकू आला.

"लक्ष्मणभाऊ प्यायलेले नव्हते. जाळी शेठनं काढली. मी तिथंच होते. कागदावर एक सही यांची, दुसरी माझी. मला सही येत नव्हती. अंगठा चालत नाही म्हणाले, म्हणून यांनी मला घरी पाटीवर शिकवली. मी एक अक्षर मुद्दाम चुकवायचे. आठ दिवस चुकवलं. आता मी कोसाडला जाते."

जिन्यावरून तिच्या मागे धावले. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, हात तेवढा मागे केला. मी बोट धरलं. तेच, जे धरून मी 'शां' गिरवून घेतला होता.